वेरूळच्या वाटेवरची मोटारसायकल : प्रस्तावना

मराठवाड्यात मोटारसायकल हौसेची वस्तू होण्याच्या कितीतरी आधी गरजेची वस्तू झाली. वेरूळ, खुलदाबाद, कन्नड या पट्ट्यात एस.टी. मुख्य रस्त्यापर्यंत येते. तिथून शेत, वस्ती, दूधडेअरी किंवा आठवडी बाजार गाठायला स्वतःची गाडी लागते. पहिल्या पाळीला वाळूजकडे निघालेला कामगार, कॅन बांधून डेअरीकडे चाललेला शेतकरी, घृष्णेश्वराला निघालेले जोडपे आणि लेणी पाहायला लांबून आलेला स्वार ही सगळी माणसे एकाच रस्त्यावर, बहुधा एकाच जातीच्या यंत्रावर असतात. या यंत्राची निवड, त्यावरची स्वारी आणि जुन्या गाडीला पुन्हा रस्त्यावर आणणे हे तीन विषय वरवर वेगळे दिसतात. ज्ञान मात्र तिन्हींना एकच लागते. कोणता भाग कशामुळे झिजतो हे ज्याला कळते, तो गाडी नीट पारखतो, नीट चालवतो आणि नीट दुरुस्तही करतो.

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके भारतात दुचाकी घेणे म्हणजे नाव नोंदवून वाट पाहणे होते. बजाज ऑटोला दुचाकी-तिचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. पुण्याजवळच्या आकुर्डीत आधी पिआज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पा आणि १९७२पासून चेतक तयार होऊ लागली. त्याच सुमारास फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लूना बनवायला सुरुवात केली. पेडल मारून सुरू होणाऱ्या या पन्नास सीसीच्या गाडीने शाळामास्तर आणि ग्रामसेवकांची सायकल सोडवली. मोटारसायकली मोजक्याच होत्या. मद्रासची बुलेट सैन्य, पोलीस आणि गावच्या पाटलाकडे दिसे. एस्कॉर्ट्सची राजदूत दूधवाल्यांची लाडकी होती. मुंबईच्या इराणी कुटुंबातील रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला उभ्या केलेल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. आज महाराष्ट्रात जुन्या गाड्यांची हौस करणाऱ्यांच्या अंगणात प्रामुख्याने याच गाड्या सापडतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याच्या १०० सीसीच्या गाड्या आल्या आणि चित्र पालटले. इंड-सुझुकी, हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी-बजाजची केबी १०० या दोन-तीन वर्षांत रस्त्यावर उतरल्या. या भागासाठी त्याहून मोठी घटना १९८५ साली घडली. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्याचे उद्घाटन केले. एम-८० ही ग्रामीण भागात ओझी वाहण्यासाठी प्रसिद्ध झालेली गाडी १९८६ची. त्यानंतर बॉक्सर (१९९७), कॅलिबर (१९९८) आणि २००१च्या अखेरीस पल्सर आली. बॉक्सरचे नाव पुढे आफ्रिकेतल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांच्या तोंडी बसले. दरम्यान टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळ संपत होता. आरएक्स १०० आणि येझदी या दोन्हींचे उत्पादन १९९६ साली थांबले. पुढे प्रदूषण-नियम कडक होत गेले तसा उरलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींनीही निरोप घेतला.

कारखाना आला की त्याच्या सावलीत कसब वाढते. वाळूज आणि चिकलठाण्यात ओतकाम, लेथकाम, ग्राइंडिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग करणारी शेकडो लहान-मोठी केंद्रे उभी राहिली. शॉक अब्सॉर्बर, ब्रेक, क्लच आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणारी एन्ड्युरन्स आणि विजेचे व प्लॅस्टिकचे भाग बनवणारी व्हॅरॉक या कंपन्या इथेच मोठ्या झाल्या आणि परदेशांतही पोचल्या. या सगळ्याचा जुन्या गाडीशी संबंध थेट आहे. पुनरुज्जीवनात खरी अडचण बाजारात न मिळणाऱ्या भागाची असते. तो भाग नमुन्यावरून शतांश मिलिमीटरच्या हिशेबात घडवून देणारा माणूस तासाभराच्या अंतरावर असेल, तर गाडी वाचते. जुन्या यंत्रांच्या दृष्टीने वेरूळ परिसराचे भाग्य असे की लेथवर उभी राहणारी ही पिढी अजून कामावर आहे.

नवी गाडी घेण्याबद्दल लिहावे असे तुलनेने थोडे आहे. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर एकट्याने जायचे असेल तर १०० ते ११० सीसीची गाडी पुरते. दोघांनी घाट चढायचा असेल तर १२५ ते १६० सीसी सोयीची, आणि लांबच्या प्रवासाची आवड असेल तर त्यापुढचा विचार करावा. शोरूमच्या फलकावरची किंमत आणि प्रत्यक्ष द्यायची रक्कम यांत रस्ता कर, नोंदणी आणि विमा यांचे अंतर असते. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला, त्यामुळे ही सीमारेषा निवडीत आता खिशाला जाणवते. पाडव्याला आणि दसऱ्याला मुहूर्ताच्या गर्दीत गाडी ताब्यात घेताना घाई होते. तेव्हाच चॅसिस क्रमांक, निर्मितीचा महिना, बॅटरी आणि टायर शांतपणे पाहून घेणे आवश्यक असते. ज्या गाडीची सर्व्हिस तालुक्याच्या गावी होत नाही, ती कितीही देखणी असली तरी कन्नड-खुलदाबादच्या माणसाला महागच पडते.

जुन्या गाडीचा व्यवहार निराळा. तिथे पहिली तपासणी कागदांची, आणि हा क्रम कधीही उलटवू नये. आरसी बुकावरचे नाव, चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्ष गाडीवर ठोकलेले आकडे जुळले पाहिजेत. चॅसिस क्रमांक बहुधा हँडलखालच्या सांगाड्यावर असतो. तिथे ग्राइंडर फिरल्याच्या खुणा, असमान अक्षरे किंवा संशयास्पद ताजा रंग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रही. एम.एच. २० ही इथली मालिका. पण १९८९पूर्वीच्या गाड्यांवर तीन अक्षरांचे जुने क्रमांक असतात, आणि त्यांची नोंद संगणकावर चढलेली आहे की नाही हे परिवहन कार्यालयात आधी पाहावे लागते. नोंद नसली तर ती चढवून घेण्यात कधीकधी इंजिन उघडण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पैसे देऊन गाडी घरी आणायची आणि नाव मात्र जुन्याच मालकाचे ठेवायचे ही गावोगावची सवय फार घातक आहे. अपघात झाला तर कायद्यापुढे मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. विकणाऱ्याचे हित म्हणूनच विकत घेणाऱ्याइतकेच मालकी बदलण्यात आहे.

कागद स्वच्छ निघाले की यंत्राकडे वळावे. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असले पाहिजे. हात लावून ते कोमट लागले तर कोणीतरी ते आधीच सुरू करून ठेवले आहे, आणि त्यामागे बहुधा कारण असते. फोर-स्ट्रोक इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर मारत असेल तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हच्या सीलचे काम आले. काळा धूर पेट्रोल जादा जात असल्याचा, आणि ते कार्बोरेटरचे काम असल्यामुळे स्वस्तात भागते. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळा धूर स्वाभाविक असतो, पण तो ढगासारखा येऊ लागला आणि गिअरबॉक्समधले ऑइल कमी होत गेले, तर क्रँकचे सील गेले असे समजावे. किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नये. ब्रेकच्या पायपट्टीचे घासलेले रबर, फूटरेस्ट, हँडलच्या मुठी आणि चाव्यांचे झिजलेले दात जास्त खरे बोलतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवले की हँडलच्या कोनसेटचा खेळ कळतो. मागचे चाक आडवे हलवले की स्विंगआर्मच्या बुशचा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि भरपूर नक्षी असलेला टायरही दहा वर्षांचा असेल तर टाकाऊच असतो.

स्वारीच्या दृष्टीने संभाजीनगर ते वेरूळ हा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता स्वाराला पुरेसे शिकवतो. दौलताबादला देवगिरीच्या तटबंदीच्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो. तिथे दोन्ही बाजूंची वाहने एका अरुंद कमानीत येतात आणि दगडी भिंतीमुळे समोरचे दिसत नाही. पुढे घाटाची वळणे, मग खुलदाबाद, मग वेरूळचा उतार. लेण्यांजवळ वानरे रस्त्यावर उतरतात. लेणी मंगळवारी बंद असतात, पण घृष्णेश्वराचे मंदिर रोज उघडे असल्याने श्रावणात आणि महाशिवरात्रीला वाहनांची दाटी ठरलेलीच. खुलदाबादच्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला हजारो माणसे रात्रभर चालत जातात. अशा रात्री या रस्त्याचा मालक पायी चालणारा असतो. स्वाराने दिवा खाली ठेवून सावकाश जाणे हा इथला अलिखित पण पाळायलाच हवा असा नियम आहे. हिवाळ्यात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि पावसाळ्यात शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती. ओली काळी माती टायरला पकडच देत नाही. अशा पट्ट्यावर ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून, हलक्या एक्सिलेटरवर पार व्हावे.

ब्रेकबद्दलचा एक जुना गैरसमज इथे दूर करावा लागतो. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो असे सांगून अनेकांना फक्त मागच्या ब्रेकवर गाडी शिकवली जाते. वेग कमी होताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत, हे तंत्र मोकळ्या मैदानावर सवयीचे करून घेण्यासारखे आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान एकत्रित ब्रेक सक्तीचे झाले. जुन्या गाडीला मात्र यातले काही नसते, तिथे सगळा भार स्वाराच्या बोटांवर.

घाट उतरताना फोर-स्ट्रोक गाडी खालच्या गिअरवर सोडली की इंजिनच तिला आवरते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पिस्टनला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवून इंजिन जोरात फिरू दिले, तर वंगण थांबते आणि पिस्टन चिकटू शकतो. राजदूत, जावा किंवा चेतक चालवणाऱ्याने म्हणून अधूनमधून मूठ थोडी उघडावी, आणि इंजिन आवळल्यासारखे वाटताच क्लच ओढावा. जुने स्वार हे सवयीने करत, नव्या हौशींना ते सांगावे लागते. बुलेटच्या जुन्या गाड्यांत गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला असतो. आयुष्यभर उलट सवय असलेल्या माणसाने अशी गाडी पहिल्या दिवशी गर्दीत नेऊ नये. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ने चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही बंधनकारक आहे. मागे बसणाऱ्यासाठी आधाराची पकड, फूटरेस्ट आणि निम्मे चाक झाकणारे साडीगार्ड हीसुद्धा नियमाची गोष्ट आहे. पुनरुज्जीवन करताना गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे घरातल्या बाईमाणसाची सुरक्षा काढून टाकतात.

पुनरुज्जीवनाचा हेतू काम सुरू करण्यापूर्वी ठरलेला असावा. रोज चालवायची गाडी, आजोबांची आठवण म्हणून जपायची गाडी आणि प्रदर्शनात ठेवायची गाडी यांची कामे आणि खर्च वेगवेगळे असतात. अनेकांची सुरुवात रंगापासून होते आणि तीच चूक ठरते. चकचकीत टाकीखाली थकलेले इंजिन राहते, ते उघडायला गेले की नवा रंग ओरखडतो. जीर्णोद्धाराच्या अतिउत्साहाचा धडा याच जिल्ह्यात, अजिंठ्यात मिळालेला आहे. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना चित्रे सांभाळण्यासाठी बोलावले. त्यांनी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, तडकला, आणि तो उतरवण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याला करावे लागले. जुन्या गाडीवरचा मूळ रंग, कारखान्याची मूळ पट्टी, टाकीवरचे मूळ चिन्ह जिथे टिकून आहे तिथे ते स्वच्छ करून ठेवणेच उत्तम. एकदा घासून टाकलेला मूळ रंग परत मिळत नाही.

काम सुरू होते ते छायाचित्रांनी. वायरी कुठून जातात, कोणता वॉशर कोणत्या बाजूला आहे, हे खोलताना टिपून ठेवले नाही तर जोडताना मिस्त्रीच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात, नाव लिहून. इंजिन उघडल्यावर बोअर मापणे हा निर्णायक क्षण. झीज एका बाजूला जास्त असते, म्हणून वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी माप घ्यावे लागते. झीज मर्यादेबाहेर असेल तर सिलिंडर ०.२५, ०.५० अशा पायऱ्यांनी मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवतात. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : पिस्टन आधी हातात यावा, मग बोअर मारावा. कारण ओव्हरसाइज पिस्टन छापील मापाहून थोडे कमी-जास्त असू शकतात, आणि पिस्टन-सिलिंडरमधले अंतर त्या विशिष्ट पिस्टनवरून ठरते. बोअरिंगनंतर होनिंगने आडव्या-तिडव्या बारीक रेघा पाडतात, त्यांत ऑइल थांबते आणि रिंगा बसतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर दिसायला सुंदर, पण रिंगांना तो मानवत नाही. क्रँकचा मोठा बेअरिंग बदलणे आणि क्रँक पुन्हा सरळ जुळवणे हे मात्र प्रेस आणि डायल गेज असलेल्या कार्यशाळेचेच काम, घरच्या ओसरीवर ते होत नाही.

विजेचे काम लोक शेवटी ठेवतात आणि त्यातच सर्वांत जास्त हैराण होतात. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत गंजलेली अर्थिंग हे निम्म्या तक्रारींचे मूळ असते. बुलेटच्या पॉइंटमधले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचे असते. ते चुकले की किक उलटी बसते आणि पोटरीला मार लागतो. डिकॉम्प्रेसर ओढून, ॲमीटरचा काटा मध्यावर आणून मगच किक मारण्याची पद्धत यासाठीच आहे. टाकीतला गंज आतून आम्लाने काढून, धुऊन, लगेच वाळवून मगच अस्तर द्यावे. क्रोम प्लेटिंगच्या द्रावणांत विषारी क्रोमियम असते, ते परवानाधारक कारखान्यातच करून घ्यावे. जुन्या ब्रेकशूंच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रम हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

आजच्या पेट्रोलने एक नवा प्रश्न आणला आहे. उसाच्या पट्ट्यात तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्याला पूरक साहित्य असलेल्या गाड्या एप्रिल २०२३पासून बनू लागल्या. त्याआधीच्या गाड्यांतले काही रबरी सील, फ्लोट आणि नळ्या त्याने फुगतात किंवा कडक होतात, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या गाडीला नव्या प्रतीच्या रबरी नळ्या आणि सील बसवावेत, आणि ती महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

कायद्याची चौकट शेवटी पुन्हा समोर येते. कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. दुसऱ्याच गाडीचे इंजिन, कापलेली फ्रेम आणि कानठळ्या बसवणारा सायलेंसर हे पुनरुज्जीवन नव्हे. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म २५ भरून, पर्यावरण कर देऊन आणि मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. त्यांना 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली किंवा देखभालीसाठीच ती रस्त्यावर काढता येते. साठ-सत्तरच्या दशकातली जावा किंवा बुलेट रोज दामटण्याची इच्छा असेल त्याने म्हणून साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे.

निरीक्षकाकडे जाण्याआधी गाडी रस्त्यावर बसवणे बाकी असते, आणि ते नोंदणीची मुदत चालू असेल तरच. नव्या बोअरचे पहिले पाचशे किलोमीटर इंजिन एकाच वेगावर रेटू नये, वर-खाली होऊ द्यावे, ओझे टाळावे आणि मधून थांबून ते थंड होऊ द्यावे. त्यानंतर ऑइल बदलून त्यातला धातूचा चुरा पाहावा, हेडचे बोल्ट थंड इंजिनावर ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळावेत, टॅपेट, चेन आणि चाकांच्या आऱ्या तपासाव्यात. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर गाडी टेम्पोत घालून परिवहन कार्यालयात न्यावी आणि ही पाचशे किलोमीटरची बैठक नव्या आरसीनंतर सुरू करावी.